लहान वाटी, मोठी जबाबदारी

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आहार कसा असावा, या विषयावर बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी सर्वांची आभारी आहे. मी डॉक्टर नाही. आहारशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाची नोकरी करणारी मी एक साधी बाई आहे. परंतु माझ्या थोरल्या बहिणीची ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून तिच्या तपासण्यांना आणि आहारतज्ज्ञांच्या भेटींना मी तिच्यासोबत जात आले. तिथे सांगितलेले वहीत उतरवून घेतले, जे कळले नाही ते पुन्हा विचारले, मिळेल ते वाचले. त्या वहीतलेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. प्रत्येक रुग्णाची प्रकृती वेगळी असते. म्हणून माझे बोलणे ऐकून कोणी आपल्या डॉक्टरांनी दिलेले औषध वा पथ्य परस्पर बदलू नये, ही पहिली विनंती.

आपल्या सभासदांपैकी काही घरांत ही शस्त्रक्रिया झालेली आहे आणि काही घरांत तिचा विचार चालू आहे. २०११ साली नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हा विषय मराठी घराघरांत पोहोचला. पण अशा बातम्यांत किती किलो वजन उतरले हे ठळक अक्षरांत असते आणि त्यानंतर तो माणूस रोज काय खातो, किती खातो, कोणत्या गोळ्या घेतो हे कुठेच नसते. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. तिच्यानंतरचा आहार मात्र जन्मभर सांभाळावा लागतो आणि तो एकट्या रुग्णाला सांभाळता येत नाही, सगळ्या घराला सांभाळावा लागतो. मला आज सांगायचे आहे ते एवढेच.

प्रथम ही शस्त्रक्रिया कोणासाठी असते ते पाहू. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. माझ्या बहिणीची उंची १.५५ मीटर आणि वजन ९८ किलो होते. हिशेब केला तर तिचा आकडा ४० च्या वर जातो. त्याखेरीज तिला मधुमेह होता. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांप्रमाणे ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखे आजार असल्यास ३५ च्या वर आकडा असलेल्यांना ही शस्त्रक्रिया सुचवली जात असे. २०२२ साली या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे आकडे खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी ते आणखी कमी धरावेत असे सांगितले, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह लवकर गाठतो.

लठ्ठ माणसाला आपण सहज खादाड म्हणतो, आळशी म्हणतो. परंतु भूक ही केवळ मनाच्या निग्रहाची गोष्ट नाही. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लावला. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारे हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. वजन कमी होऊ लागले की शरीर भूक वाढवून ते वजन परत मिळवू पाहते. म्हणून अनेकांचे उतरलेले वजन पुन्हा चढते. यात त्या माणसाचा कमकुवतपणा शोधणे हे अज्ञान आहे.

आता शस्त्रक्रियेत नेमके काय करतात ते पाहू. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. बायपासचे आणखीही प्रकार आहेत, परंतु मुद्दा समजण्यास एवढे पुरे.

या शस्त्रक्रियेचा इतिहासच आपल्याला पोषणाचा धडा देतो. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन आणि लिनर या शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची पद्धत मांडली. वजन तर उतरले, पण पुढे अशा रुग्णांना तीव्र जुलाब, कुपोषण, मुतखडे आणि यकृताचे गंभीर आजार होऊ लागले. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले की, अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही. त्यावरून त्यांनी जठराच्या बायपासची पद्धत १९६६ पासून सुरू केली. आजच्या पद्धती त्याच वाटेने सुधारत आलेल्या आहेत. त्यांचा फायदाही सिद्ध झालेला आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्या लठ्ठ रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा कमी आढळले. म्हणजे शस्त्रक्रियेला घाबरण्याचे कारण नाही. पण वजन उतरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९५४ नंतरच्या त्या रुग्णांनी सोसून दाखवले आहे. ते आपण विसरू नये.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन महिने पायरीपायरीने चढायचे असतात. पहिले एक-दोन दिवस पाणी, गाळलेले सूप, नारळपाणी असे पातळ पदार्थ घोट घोट घ्यायचे. त्यानंतर साधारण दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले वरण असे द्रव पदार्थ. मग मिक्सरमधून काढलेले, मऊ पदार्थ. त्यानंतर मऊ शिजवलेले अंडे, मासा, पनीर, मुगाची डाळ. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, अर्थात लहान वाटीत. किती दिवसांनी कोणती पायरी, हे प्रत्येक रुग्णालयात थोडे वेगळे असते. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले पाळावे. पायऱ्या मात्र गाळू नयेत, कारण आत टाके असतात आणि ते भरून यायला वेळ लागतो.

त्यापुढचे नियम जन्मभराचे आहेत. घास लहान घ्यावा आणि अगदी मऊ होईपर्यंत चावावा. एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट प्यावे. दिवसभरात दीड लिटर तरी पाणी पोटात जायला हवे, पण ते दोन जेवणांच्या मधल्या वेळेत. सोड्याची पेये टाळावीत. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की हात थांबवावा. पुढचा एक घाससुद्धा उलटी करवतो. पाव, मऊ पोळी, मोकळा नसलेला भात, चिवट मटण हे पदार्थ काही जणांना अडकल्यासारखे वाटतात. ते उशिरा आणि जपून सुरू करावेत.

आता मुख्य प्रश्न प्रथिनांचा. रुग्णाला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. ती मिळाली नाहीत तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खाऊ लागते. वजनकाट्यावर आकडा उतरतो, लोक कौतुक करतात, पण जिना चढताना पाय लटपटतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणांचे केस गळतात. ते बहुधा तात्पुरते असते आणि पुन्हा येतात. पण प्रथिने, लोह, जस्त कमी पडले तर ही गळती लांबते.

आपल्या घरातील जेवणाची रीत अशी की भाकरी किंवा भाताचा ढीग आणि त्यावर चवीपुरते कालवण. वाटी लहान झाल्यावर ही रीत चालत नाही. आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी किंवा दोन चमचे भात, असा क्रम लावावा लागतो. यासाठी महागड्या डब्यांचीच गरज असते असे नाही. माझ्या वहीतला एका दिवसाचा जमाखर्च सांगते. दोन अंडी, सुमारे १२ ग्रॅम. एक पेला दूध, ६ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर, ९ ग्रॅम. मासा किंवा कोंबडीचा ७५ ग्रॅमचा तुकडा, १५ ग्रॅम. लहान वाटी घट्ट डाळ किंवा मऊ उसळ, ६ ग्रॅम. अर्धी वाटी दही, ३ ग्रॅम. आणि सोयाबीनच्या कोरड्या वड्या २० ग्रॅम, त्या भिजवून शिजवल्यावर १० ग्रॅम. बेरीज ६१ होते. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी पनीर, सोयाबीन, दूध वाढवावे. सुके बोंबील गरिबाचे अन्न म्हणून काही जण नाक मुरडतात, पण त्यांच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. फक्त मीठ धुऊन घ्यावे आणि मऊ शिजवावेत. सुरुवातीच्या महिन्यांत एवढे खाणे जमत नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पूड घ्यावी लागते. मात्र पातळ वरणाच्या पाण्याने प्रथिने मिळतात, हा समज सोडून द्यावा. त्या पाण्यात डाळ फार थोडी असते.

गोडाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. एक प्रसंग सांगते. बायपासनंतर काही महिन्यांनी आमच्या नात्यातल्या एका लग्नाला अक्का आली होती. पंगतीत आमची आत्या तिच्या शेजारी बसली. "अगं, चिमणीसारखं काय टिपत बसलीस? लग्नाघरी असं उपाशी राहतात होय?" असे म्हणत आत्याने आग्रहाने दोन जिलब्या तिच्या पानात वाढल्या. मोठ्या माणसाचे मन कसे मोडावे म्हणून अक्काने त्या खाल्ल्या. वीस मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळ आली आणि तिला आडवे करावे लागले. बायका म्हणू लागल्या, "बारीक झालीय ना, नजर लागली पोरीला." कोणी मीठ-मिरच्याही शोधू लागले.

बांधवांनो, नजर वगैरे काही लागली नव्हती. याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर साखर जठरात न थांबता एकदम लहान आतड्यात जाते. ती पातळ करण्यासाठी रक्तातील पाणी आतड्यात ओढले जाते, आणि म्हणून घाम, धडधड, कळा, जुलाब होतात. काही जणांना खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनीही त्रास होतो. साखर वेगाने चढली की शरीर इन्सुलिन जास्त सोडते आणि मग रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली जाते. डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात. म्हणून लग्न, नामकरण, पौर्णिमेची खीर, या सर्व ठिकाणी आपला आग्रह आवरला पाहिजे. पाहुण्याने "नको" म्हटले की दुसऱ्यांदा वाढू नये, ही नवी रीत आपण सुरू करायला काय हरकत आहे? त्यात प्रेम कमी होत नाही.

आता मी अशा विषयाकडे येते की ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तो म्हणजे जीवनसत्त्वे आणि क्षार. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात. बायपासमध्ये तोच भाग वगळलेला असतो. बी-१२ अन्नातून सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते आणि शोषले जाण्यासाठी जठरातच तयार होणारा एक विशेष घटक लागतो. जठरच लहान झाले किंवा वगळले गेले की ही सारी व्यवस्था तोकडी पडते. म्हणून कितीही चांगले खाल्ले तरी गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या एक वर्ष, दोन वर्षे अशा मुदतीच्या नसतात. जन्मभराच्या असतात.

मी बँकेत आहे म्हणून बँकेच्या भाषेत सांगते. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षे पुरतो. ही झाली मुदत ठेव. नवी भर पडली नाही तरी कित्येक महिने खात्यात शिल्लक दिसत राहते आणि माणसाला वाटते की आपले बरे चालले आहे. अक्काचे असेच झाले. वजन उतरले, साखर आटोक्यात आली. ती म्हणाली, "आता मला काय धाड भरलीय? कशाला रोज मूठभर गोळ्या गिळायच्या?" तिने गोळ्या बंद केल्या आणि तपासणीलाही जाईना. दीड वर्षाने तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना पायातली चप्पल निसटलेली तिला कळेना. रक्त तपासले तर बी-१२ फार खाली गेलेले. इंजेक्शने सुरू केली, कित्येक महिन्यांनी मुंग्या गेल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, अधिक उशीर झाला असता तर मज्जातंतूंची ही हानी कायमची राहिली असती.

बी-१, म्हणजे थायमिन, याचे खाते मात्र वेगळे आहे. त्याची शिल्लक जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सतत उलट्या होत असतील आणि पोटात काही टिकत नसेल, तर हे खाते बघता बघता रिकामे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच डॉक्टर एइकमान यांनी पाहिले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. त्या संशोधनासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बेरीबेरी नावाचा तो रोग याच थायमिनच्या अभावाचा. त्याचेच मेंदूवर होणारे रूप १८८१ साली जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी वर्णन केले. डोळ्यांची हालचाल बिघडते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर स्मरणशक्ती कायमची जाते, प्राणही जाऊ शकतो.

येथे एक गोष्ट सर्वांनी मनावर कोरून ठेवावी. आपल्याकडे उलट्या होऊन अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत आहे. थायमिनची कमतरता असताना ते आधी न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरले थायमिनही खर्च होऊन मेंदूचा आजार उफाळू शकतो. म्हणून ज्याची ही शस्त्रक्रिया झाली आहे त्याला दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील, तर घरी बसू नये. रुग्णालयात जाऊन पहिल्याच वाक्यात सांगावे, "यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, थायमिनचे पाहा." शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहिलेले कार्ड रुग्णाने नेहमी पाकिटात बाळगावे.

गोळ्या कशा घ्याव्यात, यालाही नियम आहेत. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नये. मध्ये किमान दोन तास असावेत, कारण एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. लिंबूपाणी, अर्थात साखर न घातलेले, चालते. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागते. ते विभागून घ्यावे. कॅल्शियम सायट्रेट प्रकारची गोळी अधिक सोयीची, कारण तिला जठरातील आम्लाची फारशी गरज नसते. ज्या स्त्रियांची पाळी चालू आहे, त्यांना लोहाची गरज पुरुषांपेक्षा बरीच जास्त असते. बी-१२ रोज गोळीने किंवा महिन्याला इंजेक्शनने घेता येते. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी करावी. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, एवढे तरी त्यात असावे.

तरुण भगिनींसाठी एक सूचना. शस्त्रक्रियेनंतर वजन वेगाने उतरत असते. त्या काळात, म्हणजे पहिले बारा ते अठरा महिने, गर्भधारणा टाळावी असे डॉक्टर सांगतात. पोटातल्या बाळाचा वाटा त्या लहान वाटीतून निघत नाही. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्यावा. लग्नाला वर्ष झाले, पाळणा कधी हलणार, असे सुनेला विचारणाऱ्या सासूबाईंनीही हे ध्यानात ठेवावे.

पुरुष बांधवांसाठीही एक सूचना आहे, आणि ती जरा कडक आहे. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते आणि नशा जास्त होते. अन्नात मिळणारे समाधान कमी झाल्यावर काही जण दारूकडे वळतात आणि व्यसनात सापडतात, हे अभ्यासातून दिसून आले आहे. धूम्रपानाने जोडलेल्या जागी अल्सर होतात. अंग दुखले की मेडिकलमधून सहज घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनीही तसेच अल्सर होतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आता खर्चाविषयी. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्याच्या अटींची एकसारखी शब्दरचना ठरवून दिली. तिच्यात ठरावीक निकषांत बसणाऱ्या प्रौढ रुग्णांची ही शस्त्रक्रिया लठ्ठपणाच्या नावाखाली वगळली जात नाही. आपल्या पॉलिसीतील ते कलम विमा कंपनीकडून लेखी समजून घ्यावे. पण विमा मुख्यतः रुग्णालयाचे बिल आणि त्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च पाहतो. पुढे दर महिन्याच्या गोळ्या, दरवर्षीच्या तपासण्या आणि रोजची अंडी-दूध-पनीर हा खर्च घरच्या पगारातून करावा लागतो. माझ्यासमोर काउंटरवर माणसे कर्ज काढायला येतात तेव्हा मी पाहते, पहिल्या रकमेचा विचार सर्व जण करतात आणि हप्त्यांचा विचार थोडेच जण करतात. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून या हप्त्यांचा हिशेब कागदावर मांडावा. तो झेपत असेल तरच पुढे जावे. पैशाअभावी दुसऱ्या वर्षी गोळ्या बंद करण्यापेक्षा, आधीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून स्वस्त पर्याय विचारणे शहाणपणाचे.

घराविषयी शेवटचे दोन शब्द. आपल्या बहुतेक घरांत बाई सर्वांना वाढून मागाहून जेवते. उरलेसुरले भात आणि कालवणाचे पाणी हे तिचे जेवण. अशा बाईची ही शस्त्रक्रिया झाली तर तिच्या वाट्याला अंडे, मासा, पनीर येणार कसे? अक्काच्या घरी भावोजींनी एक नियम केला. तिची वाटी आधी भरायची, मग बाकीच्यांची ताटे. सुरुवातीला तिलाच अवघड वाटे. "आधी मी कशी बसू?" असे ती म्हणायची. आता तिची मुले आपण होऊन तिची वाटी भरतात. हा नियम आजारपणासाठी केला, पण तो निरोगी बाईलाही लागू पडायला हवा, असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून माझी मोठी अपेक्षा आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात जठर, आतडे आणि जीवनसत्त्वांचे तक्ते तुम्ही परीक्षेपुरते पाठ करता. त्याच ज्ञानाने घरातल्या माणसाचे पाय वाचतात, स्मरणशक्ती वाचते. घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर गोळ्यांचे वेळापत्रक तुमच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. तपासणीची तारीख लक्षात ठेवा. पुड्यावर छापलेले प्रथिनांचे आणि साखरेचे प्रमाण आई-वडिलांना वाचून दाखवा. तुमच्यापैकी काहींनी आहारशास्त्राचे शिक्षण घ्यावे. भाकरी, सुकट, उसळ ओळखणारे आणि आपल्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलणारे आहारतज्ज्ञ आपल्याला हवे आहेत. इंग्रजी तक्त्यातील ओट्स आणि ब्रोकोली पाहून अनेक बायका तो कागद डब्यात घालून ठेवतात, आणि मग कोणताच आहार पाळला जात नाही.

संस्थेलाही माझी एक सूचना आहे. ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे अशा सभासदांनी तीन महिन्यांतून एकदा येथे एकत्र बसावे. तपासणीला कोण गेले, कोण गेले नाही, कोणाच्या गोळ्या थांबल्या, एवढे जरी एकमेकांना विचारले तरी पुष्कळ काम होईल. त्या बैठकीची वही लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन.